नसलेल्या जखमेची डागडुजी

आज पोलंडमध्ये असलेल्या व्रोत्सुआफ शहराचं नाव तेव्हा ब्रेस्लाऊ होतं. तिथले त्वचारोगतज्ज्ञ हाइन्रिश क्योब्नर यांनी १८७२ साली आपल्या एका रुग्णाची हकिगत सहकाऱ्यांपुढे मांडली. या माणसाला सोरायसिस होता. त्याला घोडा चावला, तर दात लागले होते नेमक्या त्या जागी सोरायसिसचे चट्टे उठले. अंगावर गोंदवून घेतलं, तर सुई जिथून फिरली तिथे चट्टे उठले. त्याआधी तिथली कातडी अगदी चांगली होती. आजार बाहेरून आला म्हणावं, तर घोड्याला काही सोरायसिस नव्हता.

या प्रकाराला आजही क्योब्नरचंच नाव आहे, आणि तो पाहायला ब्रेस्लाऊला जायला नको. परकराची नाडी कमरेला काचते तिथे, ऑपरेशनच्या टाक्यांवर, दाढी करताना कापलेल्या रेघेवर, इजा झाल्यापासून साधारण दहा ते वीस दिवसांनी सोरायसिस हजर होतो. याच्या उलटा प्रकार त्याहून चक्रावून टाकणारा. गुडघ्यावर वर्षानुवर्षं चट्टा असलेल्या काही रुग्णांची तिथल्या संवेदनेची नस ऑपरेशनमध्ये किंवा अपघातात तुटली. गुडघा बधिर झाला आणि चट्टा नाहीसा झाला. दुसऱ्या गुडघ्यावरचा होता तसाच राहिला. पुढे संवेदना परत आली, तेव्हा काहींचा चट्टाही परत आला.

हा आजार नेमका राहतो तरी कुठे? कातडीत, रक्तात, की नसांत?

कातडीपासूनच सुरुवात करू. तिच्या वरच्या थराच्या तळाशी सतत नव्या पेशी जन्माला येतात आणि वर सरकत जातात. वाटेत त्या चपट्या होतात, केराटिनने भरतात, आपलं केंद्रक टाकून देतात आणि वर पोचेपर्यंत मरून गेलेल्या असतात. मग कुणाच्या नजरेला न पडता गळून जातात. हाताला जी कातडी लागते ती म्हणजे हा मेलेल्या पेशींचा चिवट थर. तळापासून वरपर्यंतचा हा प्रवास साधारण महिन्याभराचा. सोरायसिसच्या चट्ट्यात तो चार-पाच दिवसांत उरकला जातो. पेशींना केंद्रक टाकायलाही सवड मिळत नाही, ते घेऊनच त्या वर येतात. नीट पिकल्या नसल्यामुळे एकमेकींना सोडत नाहीत, थरावर थर साचतात, थरांमध्ये हवा अडकते आणि त्या हवेमुळे खपली रुपेरी दिसते.

त्वचारोगतज्ज्ञ कधीकधी काचपट्टीच्या कडेने ही खपली हलकेच खरवडून पाहतात. आधी मेण खरवडल्यासारखा पांढरा भुगा पडतो. आणखी खरवडलं की सगळ्यात खालचा एक ओलसर, पातळ पापुद्रा सुटतो. तो निघाला की तिथे टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात. रक्त पसरत नाही, ठिपके सुटे सुटेच राहतात. कारण खालच्या केशवाहिन्या वेटोळी घेत पार वरपर्यंत चढलेल्या असतात आणि त्यांच्या शेंड्यांवर जेमतेम दोन-चार पेशींचं पांघरूण उरलेलं असतं. घरी मात्र हे करून पाहू नये. खरवडणं म्हणजे क्योब्नरला आवतण. आणखी एक गोष्ट. बहुतेक पुस्तकांतले फोटो गोऱ्या कातडीचे असतात, त्यात चट्टे लालभडक दिसतात. आपल्या सावळ्या रंगावर ते जांभळट, तपकिरी, कधी राखाडीच दिसतात. मग घरचे गजकर्ण समजून मलम आणतात.

एवढी घाई कशासाठी? जखम भरून येताना कातडी काही खास केराटिनं बनवते. क्रमांकांनी ओळखायची तर १६ आणि १७. धडक्या कातडीत ती सहसा दिसत नाहीत, सोरायसिसच्या चट्ट्यात मात्र भरपूर सापडतात. म्हणजे ही कातडी जखम भरते आहे. फक्त जखमच नाही. खड्डा नसलेल्या रस्त्यावर रोज रात्री डांबर ओतत राहावं, तसं हे काम चालतं.

हुकूम कुठून सुटतो, तेही आता बरंचसं कळलं आहे. कातडीला इजा झाली की पेशी फुटतात आणि त्यांच्यातला डीएनए बाहेर सांडतो. असा स्वतःचाच डीएनए एरवी शरीर मनावर घेत नाही. पण जंतू मारण्यासाठी कातडी स्वतःच एलएल-३७ नावाचं एक छोटं प्रथिन बनवते. सोरायसिसमध्ये ते वाजवीपेक्षा फार जास्त असतं. ते सांडलेल्या डीएनएला चिकटतं आणि त्याला पहारेकरी पेशींच्या पोटात नेऊन सोडतं. पहारेकऱ्यांना वाटतं, विषाणू घुसला. हे कोडं २००७ साली उलगडलं. बोंब उठली की आयएल-२३ नावाचा निरोप निघतो, त्याने टी-पेशी जाग्या होतात, त्या आयएल-१७ सोडतात, त्यामुळे कातडीच्या पेशी भराभर वाढतात आणि वाढता वाढता आणखी एलएल-३७ बनवतात. वर्तुळ पूर्ण झालं. आता घोडा निघून गेला तरी चालतं.

याची एक बाजू मला फार आवडते. इतकी सोललेली, भेगाळलेली कातडी जंतूंनी सडायला हवी. एक्झिमाची सडतेही. सोरायसिसच्या चट्ट्यात सहसा जंतुसंसर्ग होत नाही. जर्मनीतल्या कील इथल्या संशोधकांना हे खटकलं. त्यांनी रुग्णांच्या खपल्या गोळा केल्या आणि त्यांतून माणसाच्या कातडीने बनवलेलं एक नवंच जंतुनाशक प्रथिन वेगळं काढलं. ते वर्ष १९९७. अंथरुणातला जो भुसा सकाळी लाजत लाजत झटकला जातो, त्यातून हा शोध लागला.

घराण्यात असेल तर धोका वाढतो, हे खरं. एचएलए-सी*०६:०२ या जनुकाचा त्यात मोठा हात आहे. पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला सोरायसिस झाला तरी दुसऱ्याला होतोच असं नाही. कुठेतरी ठिणगी पडावी लागते. लहान मुलांत ती बऱ्याचदा घशातून पडते. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनी घसा दुखतो आणि दोन-तीन आठवड्यांनी अंगभर पावसाचे थेंब पडल्यासारखे बारीक चट्टे उठतात. या जंतूच्या एका प्रथिनाची ठेवण आपल्या केराटिनशी जुळते. त्यामुळे जंतूवर सोडलेल्या टी-पेशी कातडीला शत्रू समजतात, असा कयास आहे.

औषधांची गोष्ट याहून रंजक आहे. कारण कळलं आणि मग औषध शोधलं, असं इथे फार कमी वेळा झालं. औषध दुसऱ्याच आजाराच्या वाटेवर सापडलं, आणि ते का चाललं हे शोधताना आजाराचा एकेक स्क्रू हाती आला.

आंध्रातल्या भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डला गेले आणि पुढे न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखालच्या चमूने फॉलिक अॅसिड तयार केलं. मग त्याच रेणूत थोडे फेरफार करून फॉलिक अॅसिडची नक्कल करणारे आणि त्याचं काम अडवणारे रेणू बनवले, अमिनोप्टेरिन आणि मेथोट्रेक्सेट. पेशी दुभंगायला फॉलिक अॅसिड लागतं. नक्कल पोटात गेली की दुभंगणं थांबतं. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिलं आणि १९४८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. १९५१ साली संधिवातावर तेच औषध देऊन पाहताना डॉक्टरांच्या लक्षात आलं की सांध्यांबरोबर सोरायसिसचे चट्टेही उतरताहेत. आजही भारतातल्या सोरायसिसच्या चिठ्ठ्यांवर मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक अॅसिड ही दोन नावं एकाखाली एक असतात. एक अडवतं, दुसरं उरलेल्या शरीराला सावरतं. एकाच प्रयोगशाळेची ही दोन लेकरं.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. म्हणून काळजी घेणारे डॉक्टर चिठ्ठीवर वारच लिहून देतात आणि घरात ती ‘रविवारची गोळी’ होऊन जाते. यकृत आणि रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत, दारू वर्ज्य, आणि दिवस राहण्याचा विचार असेल तर ही गोळी चालत नाही.

मेथोट्रेक्सेट आलं तरी सगळ्यांचा समज हाच होता की कातडीच बिघडलेली आहे. त्या समजाला धक्का दिला तो नॉर्वेतल्या हार्डांगरव्हिडा पठारावरच्या मातीने. १९६९ साली तिथून आणलेल्या मातीतल्या बुरशीत सायक्लोस्पोरिन मिळालं. दुसऱ्याचा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून ते वापरात आलं. १९७९ साली सांधे धरलेल्या सोरायसिसच्या रुग्णांना ते दिलं, तर कातडी साफ झाली. हे औषध तर टी-पेशींना गप्प करणारं! म्हणजे हुकूम देणारे वेगळे, कातडी नुसती हुकमाची ताबेदार. अस्थिमज्जा बदलल्यावर काहींचा जुना सोरायसिस गेला, तर कुणाला दात्याच्या मज्जेबरोबर सोरायसिस मिळाला, अशाही नोंदी आहेत.

मग ऊन. इजिप्तमध्ये आणि आपल्याकडे कोडावर काही वनस्पती लावून उन्हात बसवण्याची जुनी रीत होती. आपली वनस्पती म्हणजे बावची. तिच्यात सोरालेन असतं, आणि ते प्रकाश पडला की जागं होतं. १९७४ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी सोरालेनची गोळी आणि अतिनील दिवे यांची जोडी सोरायसिसवर यशस्वी करून दाखवली. सोरायसिस असलेले अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाइक तोवर कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यांवर ऊन खात हिंडत असत. १९८९ च्या ‘सेल्फ-कॉन्शसनेस’ या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी आपल्या कातडीशी चाललेल्या लढाईवर अख्खं प्रकरण लिहिलं आहे. पुढे अतिनील प्रकाशाची एकेक तरंगलांबी तपासली गेली आणि ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्टा सोरायसिसला सगळ्यात मानवतो असं ठरलं. मग गोळीचीही गरज उरली नाही. आज त्वचारोगतज्ज्ञांकडे जे उभं केबिन असतं, त्यात याच पट्ट्याच्या नळ्या असतात. डोळ्यांवर काळा गॉगल, नाजूक भाग झाकलेले, चारी बाजूंनी निळसर उजेड. पहिल्या दिवशी काही सेकंदच, मग हळूहळू वाढवत, आठवड्यातून दोन-तीनदा.

मृत समुद्राचा किनारा समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून जास्त खाली आहे. डोक्यावर हवेचा तेवढा जादा थर, त्यातून पोळणारी किरणं गाळून येतात आणि माणसाला जास्त वेळ उन्हात बसता येतं. म्हणून जगभरचे सोरायसिसवाले तिथे जातात. आपल्याला ऊन फुकट आहे. पण दुपारी गच्चीवर भाजून घेतलं तर ती इजाच, आणि इजेवर काय उगवतं ते आपण पाहिलं. सकाळचं थोडं ऊन, तेही डॉक्टरांना विचारून. ड जीवनसत्त्वाचं मलमही असंच योगायोगाने आलं. १९८५ साली जपानमध्ये हाडं ठिसूळ झालेल्या एका रुग्णाला या जीवनसत्त्वाचं एक रूप दिलं आणि त्याचा सोरायसिसच गेला. कॅल्सिपोट्रिऑलची ट्यूब ही त्या निरीक्षणाची नात.

गेल्या वीस वर्षांतली इंजेक्शनं मात्र आधी कारण ओळखून बनवलेली आहेत. त्यांतली बहुतेक टीएनएफ, आयएल-१७, आयएल-२३ यांपैकी नेमका एक निरोप वाटेत पकडतात. २०१५ पासून बाजारात आलेल्या सेक्युकिनुमॅबसारख्या इंजेक्शनांनी कित्येकांची कातडी काही महिन्यांत जवळजवळ साफ होते. बंगळुरूच्या बायोकॉनने २०१३ मध्ये इटोलिझुमॅब आणलं. अहमदाबादच्या झायडसने २०१४ मध्ये अॅडॅलिमुमॅबची स्वस्त आवृत्ती काढली, जगात पहिली. तरीही खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे कबूल करायला हवं. आणि आपल्या देशात आणखी एक अट. कित्येकांच्या छातीत क्षयाचे जंतू झोपून असतात आणि टीएनएफ रोखलं की ते उठू शकतात. म्हणून आधी एक्स-रे आणि क्षयाची चाचणी.

बहुतेकांचं रोजचं जगणं यापेक्षा साधं असतं, आणि ते कारण समजून केलं तर कंटाळवाणं वाटत नाही. कातडी कोरडी पडली की तडकते, तडकली की बोंब उठते. म्हणून पाणी कोमट. बंबातलं कडकडीत नको. दगडाने घासणं बंद, दिवाळीचं उटणंही खसाखसा चोळायचं नाही. अंग टिपून घ्यायचं आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, व्हॅसलीन किंवा खोबरेल लावायचं. दिवाळीनंतरची थंडी आणि खानदेश-विदर्भातली कोरडी हवा यांत हे दुप्पट करावं लागतं. डोक्यातल्या जाड खपल्या रात्रभर तेलात मऊ होऊ द्यायच्या; नखाने उचकटायच्या नाहीत. घसा धरला तर अंगावर काढायचा नाही. लिथियम, क्लोरोक्विनच्या घराण्यातल्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनी सोरायसिस उसळू शकतो. म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलं तरी ‘मला सोरायसिस आहे’ हे आधी सांगायचं.

पथ्याचं विचाराल, तर वांगं, दही, मासे यांच्यावर सोरायसिसचा गुन्हा शाबीत झालेला नाही. शाबीत झालेले आरोपी वेगळे आहेत: सिगारेट, दारू आणि पोटाचा घेर. चरबी नुसती साठून राहत नाही, जळजळ वाढवणारे निरोप सोडत असते. वजन उतरलं की चट्टे कमी होतात आणि तीच औषधं जास्त लागू पडतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. घरातल्यांनी दही तोडण्यापेक्षा संध्याकाळी सोबत चालायला निघावं.

स्टेरॉइडचं मलम हे या आजारातलं चांगलं हत्यार आहे, आणि आपल्या देशात सगळ्यात जास्त वाया गेलेलंही. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम; तेवढं दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. डॉक्टर सांगतील तितके दिवस, तितकंच. पण मेडिकलमध्ये ‘खाजेचं मलम द्या’ म्हटलं की स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांची खिचडी हातात पडते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी काउंटरवर फारसं बदललेलं नाही. महिनोन्‌महिने चोपडलं की कातडी कागदासारखी पातळ होते, जांभळे पट्टे उमटतात. त्याहून भयंकर म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन एकदम सोडणं. मग पू भरलेल्या बारीक फोडांनी अख्खं अंग पेटतं आणि रुग्णालय गाठावं लागतं. ‘मुळासकट बरा’ म्हणणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड असू शकतं. पहिल्या महिन्याचा चमत्कार अनेकदा त्याचाच.

आणि आजार कातडीपुरता नाही. दर दहांतल्या दोन-तीन रुग्णांचे सांधे धरतात. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, सकाळी अर्धा तास न वळणारी बोटं, टाच दुखणं, यांतलं काही असेल तर चट्टे किरकोळ असले तरी डॉक्टरांना सांगायचं, कारण झिजलेला सांधा कातडीसारखा परत येत नाही. तीव्र सोरायसिसमध्ये हृदयविकाराचा धोकाही वाढतो. तेव्हा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांवर नजर हवी. स्पर्शाने मात्र हा आजार कुणाला होत नाही. सलूनवाल्यालाही नाही, सुनेलाही नाही. १८४१ साली व्हिएन्नात फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी याला कुष्ठरोगापासून ठामपणे वेगळं काढलं, पण लग्नाच्या बोलण्यांत ती बातमी अजून पोचायची आहे.

एक गोष्ट मात्र जुन्या रुग्णांना डॉक्टरांच्या आधी ठाऊक होती: चट्टा जातो आणि पुन्हा त्याच जागी येतो. २००४ साली एका प्रयोगात रुग्णांच्या अंगावरची, चट्टा नसलेली, चांगली दिसणारी कातडी उंदरांवर बसवली. बाहेरून एकही टी-पेशी पुरवली नाही, तरी त्या तुकड्यावर सोरायसिस उमलला. लागणाऱ्या टी-पेशी आधीपासून कातडीतच मुक्काम करून होत्या. चट्टा साफ झाल्यावरही अशा पेशी तिथे वर्षानुवर्षं राहतात, जागा न सोडता. आजची औषधं त्यांना गप्प करतात, हुसकावत नाहीत. मग त्यांचं बस्तान बसण्याआधीच गाठलं तर? जर्मनी-फ्रान्समधल्या एका चाचणीत आयएल-२३ रोखणारं इंजेक्शन देऊन पाहिलं. ज्यांचा आजार दोन वर्षांच्या आतला होता, त्यांच्यात कातडी पूर्ण साफ होऊन तशीच राहणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं. अशा साफ झालेल्यांपैकी काहींना पुढे आठऐवजी सोळा आठवड्यांनी इंजेक्शन दिलं, तरी त्यांतल्या बहुतेकांचे चट्टे काबूतच राहिले.